रापणीच्या दोरीला हात

अक्का,

"लवू, रापण ओढूक चल रे!" आयेची ही हाक मी ऐकलेली शेवटची. त्याच आठवड्यात तापाने माझे कान गेले.

आज फाटकाची कडी काढून एकटाच किनाऱ्यावर गेलोय. एकट्याने बाहेर जायचं नाही, हा तुम्ही घातलेला आपल्या आश्रमाचा नियम मी मोडला. तुम्ही घाबरून शोधत फिराल, याचंच वाईट वाटतंय. माझ्या खोलीतल्या श्रीपादला चहा दिलाय, त्याची काठी हाताशी ठेवलीय.

रापण म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं; तिच्या दोरीला हात लावील त्याला माशांचा वाटा मिळतो. दोरी ओढायला कान लागत नाहीत.

रागावू नका. विचारलं असतं तर तुम्ही मायेनेच नको म्हटलं असतं, आणि मी थांबलो असतो. चाळिशी आली तरी थांबतच आलोय, अक्का. यापुढे मला परवानगी मागायची नाही.

लवू