उलटा टांगलेला टीव्ही

अण्णा, तुमचा टीव्ही सुरू झाला! तोच, पाटोद्यातलं दुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर तुम्ही घरी आणलेला सपाट टीव्ही. पहिल्याच दिवशी त्याचं मागचं झाकण उघडून, "यात दुरुस्त करण्यासारखं ठेवलंय काय मेल्यांनी?" म्हणत तुम्ही स्क्रू परत पिळले होते. आहे अण्णा, आहे! तुरीच्या डाळीएवढी, आठ पायांची चिप. टीव्हीनं चालू कसं व्हायचं ते सगळं तिच्यात भरलेलं असतं. तेच बिघडलं होतं, म्हणून नुसतं कंपनीचं नाव झळकायचं आणि विझायचं, निवडणुकीतल्या आश्वासनासारखं. मेकॅनिक म्हणाला, भंगारात द्या. आईनं पदरानं पडदा पुसला नि मला म्हणाली, "त्यांचं हाय ते. तू बघ."

मी! जिला तुम्ही "पोरी, लांब हो, करंट बसंल" म्हणून कशालाच हात लावू दिला नाहीत, आणि जी पुढं वर्तमानपत्रात लोकांना करंट देत बसली. पण लांबून एवढं दिसायचं, की काहीही सोडवायच्या आधी तुम्ही ते होतं तसं कागदावर उतरवून घ्यायचात. मीही चिपला क्लिप लावली, तिच्यातलं जुनं लॅपटॉपवर वाचून ठेवलं, मग पुसलं, मग मेकॅनिक लोकांच्या ग्रुपवर मिळालेली फाइल भरली. बटण दाबते. नाव येतं. विझत नाही! बातम्या लागतात, आणि मंत्री डोकं खाली करून विकास सांगताहेत. फाइल याच बोर्डाची, पण निघाली दुसऱ्या पडद्याच्या टीव्हीची. सगळं चित्र उलटं. मंत्री तसे बरे दिसत होते, पण मला रडू फुटायचंच बाकी होतं. आई मात्र खो खो हसली. "लई शिकलीस ना? मग टीव्हीच उलटा टांग की!" टांगला, अण्णा. चित्र सरळ!

आता येईल तो विचारतो, "मावशी, कंपनीचं नाव उलटं कावून?" आणि तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं तुमचा विषय निघाला की उठून आत जाणारी आई पाय पसरून सांगायला बसते. तुमचं दुकान, तुमची चिडचिड, ऐन लग्नघरात तुम्ही खोलून बसलेला तिच्या वडिलांचा रेडिओ. काल तर तुमचा आवाज काढून दाखवला तिनं, हुबेहूब.

बरोबर फाइल मला केव्हाच सापडलीय. आईला अजून सांगितलं नाही.