रोल नंबर सतराची हजेरी

आप्पा,

तुम्हाला लिहायचं लिहायचं म्हणत होळीपासून टाळतोय. होळीला काठी गावाला गेलो होतो, एका दिवसासाठी. ढोलांच्या मागे फिरता फिरता कुणाकुणाच्या घरी राहिलो आणि आठवड्याने परतलो. आई म्हणाली, "बापाचे दोस्त थकले, आणि हा नाचत फिरतोय." ते दोस्त आज आपल्या अंगणात बसलेत, म्हणून आता मागच्या दारी, बट्ट्यांच्या विस्तवापाशी बसून घाईने लिहितोय.

तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो. पुढे बारावीपाशी माझी गाडी बंद पडली ती पडलीच. पण तुमच्या कॉलेजच्या बॅचचा मात्र मी पक्का मेंबर आहे. दरवर्षी एकाच्या घरी वरण-बट्टी, आणि जेवणाआधी हजेरी. रिटायर झालेले हेडमास्तरकाका रोल नंबर पुकारतात. कुणी गुडघा धरून उठतो, कुणाला तिसऱ्या हाकेला ऐकू येतं. सतरा आला की तुमच्या वतीने मी ओरडतो, "येस सर!" सगळे हसतात, "वर्गात कधी दिसला नाही, आता बरा वेळेवर येतो!"

यंदा नियम बदलला. येणारे कमी, गेलेले जास्त. हजेरी संपेपर्यंत बट्ट्या गार होतात. म्हणून गेलेल्याचं नाव तेव्हाच घ्यायचं, जेव्हा बॅचमधलाच कुणी त्याची प्रॉक्सी मारेल, आणि एकाने एकाचीच. पोरं चालणार नाहीत. मी फोन करेपर्यंत सगळ्यांनी आपापले मेलेले वाटूनही घेतले होते. म्हणजे तुमचं नाव कटणार, तेही आपल्याच अंगणात.

उरले तापीकाठचे केळीवाले काका, कॉलेजात तुमची प्रॉक्सी मारणारे. तुमच्या लग्नापासून ते कुणाकडेच आले नाहीत. तरी गेलो. वाटेत पुरुषोत्तमनगरला एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्याशी गप्पा लागल्या, ते असो. काका बागेत होते. तुमचं नाव काढलं आणि भडकले.

"तुन्हा बापनी माले विसरवाडीले सोडी दिन्हं! वरातनी गाडी थांबनी, मी नवरदेवसाठे भजी लेवाले उतरनू. भजी हातमां, गाडी गयी!"

"काका, मुहूर्त टळेल म्हणून आप्पांच्या मामांनी गाडी काढायला लावली म्हणे."

"आनि नवरदेव काय मुका व्हता? तेन्ही हाजरी मी देसू? चाल, चहा पी आनि निंघ."

एकदा मी भज्यांचा हट्ट धरला, तर तुम्ही मला दटावून ताटावरून उठून गेला होतात. आपल्या घरात भजी कधी झालीच नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला पित्त होतं.

हे पत्र टाकायचं कुठे? या विस्तवातच जाईल. पण खरं सांगतो, एवढी वर्षं "येस सर" ओरडताना माझं लक्ष तुमच्यापेक्षा बट्टीकडेच असायचं. आज मात्र भूक नाही. अंगणात हजेरी सुरू झालीय, दहाच्या पुढे गेलीय.

थांबा. बोळातून दिसतंय, फाटकाशी रिक्षा आली. केळीवाले काका उतरताहेत, हातात तेलकट कागदाचा पुडा. आईला म्हणताहेत, "वहिनी, विसरवाडीथून भजी लयी उनू, गार व्हयी ग्यात. नवरदेवना नंबर उना का?"