दिलीपरावांचा समुद्र

९ ऑक्टो. २०१५, शुक्र. अमरावती

धाकटी बहीण ऑक्सिजनवर, आणि तिचा नवरा मला मोबाइलवर माशांचे फोटो दाखवून राहिला. "ताई, तुमी टेन्शन घेऊ नका, मासे ठीक आहेत." हे वाक्य मी सदरात घातलं असतं तर संपादक म्हणाला असता, बाई, जरा अति होतं.

वंदनाला काल दुपारी एकाएकी थंडी भरली. अंग कापायला लागलं, तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव, खोकला, आणि मग श्वासच पुरेना. पहिला डॉक्टर : व्हायरल. दुसरा : ॲसिडिटी. दिलीपरावांचं निदान : घट बसायच्या आधी बायका साफसफाईत दमतात.

डॉक्टर विचारतो वंदीला, उत्तर देतात दिलीपराव. "धूळ, धूर, काही लागलं का?" "काही नाही साहेब, घरीच तर असते." वंदी मास्कच्या आतून डोळे मोठे करून बघते. सतरंजी, कपाट, बायको : या वस्तूंबद्दल मालकालाच विचारायचं असतं.

१० ऑक्टो.

आंघोळीला तिच्या घरी गेले. दिवाणखान्यात समुद्र. भिंतभर काचेची टाकी, निळा उजेड, दगड, दगडांवर शर्टाच्या बटणांएवढी हिरवी-केशरी फुलं, हलणारी. फवारणीच्या औषधांच्या कंपनीनं दिलीपरावांसारख्या सगळ्या कृषी केंद्रवाल्यांना बँकॉकला नेलं होतं. तिथल्या हॉटेलात ह्यांनी असलं पाहिलं, आणि आले ते समुद्र घेऊनच.

आमच्या खारपाणपट्ट्यात लोक खारं पाणी पिऊन किडन्या घालवून बसलेत. ह्यांच्या घरी गोड्या पाण्यात पोत्यानं मीठ कालवतात. वरून औषधं विकायची ह्याच लोकांना.

पाणी बदलायचं काम अर्थात वंदीचं. नळी तोंडात धरून ओढायची, ट्रॅक्टरमधून डिझेल काढतात तशी. टाकीखाली जमिनीवरच बिजलीचा बोर्ड, वायरींवर मिठाची पांढरी साय. मी बटण बंद केलं तर दिलीपराव ओरडले, मासे मरतील. मी म्हटलं, माणसं मेली तर चालतील ना?

मोरीत टाकीतलाच एक दगड पडलेला, बाजूला तारेची घासणी आणि उपडं पातेलं. उचलायला वाकले तर भांडेवाल्या मंगलाबाईनं दारातून हाक मारली, "नोका जाऊ बाई तिथं. तिथं बसूनच ताईले थंडी भरली. मले बी खोकला हाय कालपासून."

दिलीपराव म्हणाले, वातावरणच खराब आहे.

११ ऑक्टो., रवि.

आज ड्यूटीवर डॉ. नसरीन. बारीक अंगाची, आवाज मात्र हेडमास्तरणीचा. दिलीपरावांनी तोंड उघडलं तशी म्हणाली, "भाऊ, हे इंजेक्शन खालच्या मेडिकलमधून आणा. ह्या मेडिकलमध्ये नसलं तर दुसऱ्यात पाहा." गेले. मग खुर्ची ओढून वंदीजवळ बसली. "बोला ताई. आजारी पडायच्या आधी काय करून राहिल्या होत्या?"

दवाखान्यात आल्यापासून उत्तर द्यायची पाळी वंदीवर पहिल्यांदाच.

वंदी मास्क वर करून थांबत थांबत बोलली. "हे म्हणाले दगड साफ कर. कंपनीचे साहेब येणार हायेत दसऱ्याले, टाकी पाहाले. त्या फुलांनी सगळे दगड धरले होते. निघतच नव्हती. मग उकळतं पाणी ओतलं. खाटेवर ओततो ना आपण, ढेकणांसाठी, तसं."

आणि मोरीचं दार लावून, वाफेत तोंड घालून घासलं.

आमच्या घरात खाट अशीच मरेस्तोवर शिजवायचे. आईनं शिकवलेलं. घाण दिसली की आधण चढवायचं. ढेकूण गेले, खाटा राहिल्या. आता खाटेवर वंदी.

डॉक्टरनं मी काल काढलेला टाकीचा फोटो स्वतःच्या फोनवर मागवून घेतला. म्हणाली, "मला हे माहीत नाही. वाचून सांगते." असं म्हणणारा डॉक्टर मी आजवर पाहिला नव्हता.

१२ ऑक्टो.

नसरीन वाचून आली. ती फुलं नाहीत, जनावरं आहेत. पोवळ्याच्या जातीतली. काहींच्या अंगात भयंकर विष. उकळत्या पाण्याच्या वाफेवर चढून ते नाकात जातं, घासलं की उडतं, बोटाला चीर असली तर तिथून शिरतं, डोळ्यात गेलं तर डोळा जातो. उतारा नाही. श्वास सांभाळायचा, हृदयावर नजर ठेवायची आणि थांबायचं.

"मोरीच्या खिडक्या उघड्या टाका, कुणी आत जाऊ नका. मंगलाबाईंना आजच तपासायला आणा. आणि तो दगड नुसत्या हातानं कुणीही उचलायचा नाही."

दिलीपरावांनी नागपूरच्या टाकीवाल्याला फोन लावला, स्पीकरवर, आम्हाला ऐकवायला. तो म्हणाला, "भाऊ, बताया था ना आपको? ग्लव्हज पहनना, चष्मा लगाना. गरम पानी कौन डालता है?"

दिलीपरावांनी स्पीकर बंद केला. उशिरा.

म्हणजे सांगितलं होतं. ह्यांच्या दुकानात काउंटरच्या वर पोस्टर आहे : फवारताना हातमोजे, चष्मा, नाकावर कापड. फवारणारा पडला की हेच म्हणतात, ऐकतच नाहीत हो लोक. लोकांनी ऐकावं. ह्यांची मात्र घरी येऊन बायकोला दोन शब्द सांगायला जीभ झिजते. हातमोजे कंपनीनं फुकट पाठवलेत, गोदामात खोक्यातच आहेत. नसरीनसमोर मी हे बोलले नाही. जिन्यात बोलले. वॉर्डबॉय थांबून ऐकत होता.

१६ ऑक्टो., शुक्र.

वंदीला सोडलं. मंगलाबाई बरी, तिला थोडंच लागलं होतं. घरी पोचतो न पोचतो तो दिलीपराव मंगलाबाईला म्हणतात, "तो दगड नालीत टाकून दे. आन टाकीतले बी काढून ठेव."

वंदी खुर्चीत धापा टाकत बसली होती. म्हणाली, "ती नाई उचलणार."

"मंग तू उचलतं का?"

"नालीत टाकला तर सकाळी नालीवाला हातानं काढील. त्यालेबी माणूसच धरा."

मंगलाबाईनं पदर खोचला. "मी येतच नाई बापा, टाकी हाय तवर." गेली.

वंदीची बॅग मीच उचलली. संध्याकाळच्या गाडीनं अकोला, माझ्या घरी.

१९ ऑक्टो., सोम. अकोला

वंदी जिना चढताना मध्येच थांबते, कठड्यावरची धूळ पाहतेय असं दाखवते. हाताला अजून मुंग्या येतात. नसरीन म्हणाली, वेळ लागेल.

दुपारी दिलीपरावांचा फोन. "ताई, वंदनाले कधी पाठवता? गुरुवारी साहेब येऊन राहिले. पाणी गढूळ झालं. मले नाही जमत ते." तब्येत? ती वाक्याच्या शेवटी आली, उरलेल्या भाजीसारखी.

उत्तर तयार होतं माझं. चांगलं धारदार. तोंड उघडलं तर वंदीनं हात पुढे केला. फोन दिला. नसरीननं सांगितलेलं तिनं पाठच केलं होतं.

"आयका. हातमोजे, चष्मा, नाकाले मास्क. खिडक्या सगळ्या उघडा. बोर्ड बंद करा आधी. गरम पाणी नाई, घासणी नाई. टाकीतला दगड पाण्यातच पिशवीत घ्या, पाण्यासकट बांधा. मोरीतल्यावर ब्लीचिंगचं पाणी हळू सोडा, शिंतोडे नोका उडवू, आन भिजू द्या." मध्ये खोकला. "मी नाई. तुमी. नाईतर ज्याची टाकी त्याले बोलवा नागपूरहून. टाकी गेल्यावर सांगा."

पलीकडून "पाह्यतो." ठेवला.

ती भिंतीला टेकून बसली. घामानं कपाळ ओलं. मी पाणी दिलं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "गुरुवारी अमरावतीले सकाळची गाडी किती वाजता अस्ते?"

सांगितलं. "टाकी गेली का, सोताच पाहून येतो," म्हणाली.