आडनाव न कळणारं शहर

भवानीपूर, कलकत्ता
शनिवार दुपार

प्रिय कौसल्या,

तू जाऊन आठ महिने झाले. तुला लिहावंसं रोज वाटायचं, पण धीर होत नव्हता. आज मात्र लिहायलाच हवं, कारण परवा सोमवारी तुझी सुजाता आपल्या ऑफिसात रुजू होतेय.

गुरुवारी ती संदेश मिठाईचा डबा घेऊन घरी आली. नमस्काराला वाकली, मी अडवलं, तर म्हणाली, "राहू द्या मावशी. आई नेहमी सांगायची, ऑफिसात मला एकाच माणसानं जपलं, ते म्हणजे तुझी निमामावशी."

कौसल्या, हे तू पोरीला खरंच सांगत होतीस? आणि मनात तेच धरून गेलीस?

तिनं आग्रह केला म्हणून मी एक संदेश तोंडात टाकला. उरलेला डबा फडताळात तसाच आहे.

अडुसष्टच्या हिवाळ्यात तू नागपूरहून आलीस. तुझ्या मिस्टरांची रेल्वेतली बदली इकडे झालेली. कारखाने आणि चहाचे मळे तपासणारं आपलं सरकारी ऑफिस, डलहौसीतला तो कबुतरांनी भरलेला दुसरा मजला. एकाच परीक्षेच्या यादीतून आपण दोघी लागलो. तू यादीत दुसरी, मी नववी. बडोबाबूंनी, म्हणजे आपल्या हेडक्लार्कनी, आपल्याला शेजारी बसवलं, कारण त्यांच्या लेखी दोघीही बॉम्बेकडच्या. नागपूर आणि मुंबईमध्ये किती अंतर आहे, हे तू त्यांना नकाशा काढून दाखवलं होतंस.

माझं मराठी कलकत्त्यातच जन्मलेलं. मी "पाणी खाल्लं" म्हणाले की तू टेबलावर डोकं ठेवून हसायचीस. "चावून खाल्लं का गं, बाप्पा? तीन पिढ्या इथं राहिले, बंगाल्यांचं बोलणं उचललं, पण मासे काही खात नाही. तुमचं काही खरं नाही."

आता ऑफिसात मला मराठीत कोणी हसत नाही. टिफिनची वेळ झाली की अजून मान डावीकडे वळते. तिथं पंखा आहे, फायली आहेत, आणि एक नवा मुलगा आहे. तो फार सभ्य आहे. तुझ्यासारखं टेबलाखालून पायानं ढकलत नाही.

सुटल्यावर आपण एस्प्लनेडपर्यंत चालत जायचो, आठवतं? एकदा भाजलेले दाणे खात तू म्हणालीस, "मला हे शहर आवडलं. आमच्याकडं आडनाव सांगितलं का समोरच्याचा चेहराच बदलते. इथं मेश्राम म्हटलं तर विचारतात, हे मद्रासकडचं का? डमडमच्या घरमालकानं काय विचारलं माहीत आहे? मासे खाता ना? खातो म्हटलं, तर किल्ली हातात दिली. इतकं मोकळं वाटते ना मला, निमा."

मी हसले. मला ती गंमत वाटली. तू मला काय सांगत होतीस ते कळायला मला किती वर्षं लागावीत?

कळणार कसं होतं? माझं आडनाव मला कधी जड झालंच नव्हतं. मराठी मंडळात कोणी विचारलं की "जोशी" म्हणायचं, मग समोरून हसत "कुठले जोशी?" यायचं. सगळ्यांशी असंच बोलतात, अशी माझी समजूत. म्हणून तर तुला हौसेनं गणपतीच्या जेवणाला घेऊन गेले. तिथल्या बाईंनी तुझं आडनाव विचारलं, "अच्छा" म्हणाल्या आणि वाढप बघायला निघून गेल्या. तू लगेच म्हणालीस, "चल, ट्राम चुकेल." आणि मी वेडी म्हणते, अजून मोदक यायचेत. तू थांबलीस. माझे मोदक संपेपर्यंत थांबलीस.

त्यानंतर दोन महिन्यांनी डुआर्सच्या चहामळ्यांचा दौरा निघाला. मळ्यांतली पाळणाघरं बघायला बाईमाणूस हवं होतं. ज्यानं दौरा केला त्याला पुढं निरीक्षकाची जागा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बडोबाबू मला म्हणाले, "यादीत मेश्रामदीदी वर आहेत, त्यांनाच पाठवतो."

आता जे लिहायचं त्यासाठीच हे पत्र आहे.

मी त्यांच्या टेबलाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "बडोबाबू, ती शेड्यूल्ड कास्टची आहे. परक्या गावात कुणाच्या घरी उतरायचं, कुठं जेवायचं. कोणी काही बोललं तर तिला लागेल. जरा सांभाळून घ्या तिला."

"जानताम ना तो," ते म्हणाले. त्यांना माहीतच नव्हतं गं. कोणालाच माहीत नव्हतं. अख्ख्या मजल्यावर तुझं आडनाव वाचता येणारी मी एकटी होते, आणि मी ते त्यांना वाचून दाखवलं.

देवाशपथ सांगते, तुझी जागा घ्यावी असं मनात नव्हतं. मला तुझी काळजी वाटत होती. मंडळातल्या त्या बाईंचा चेहरा मला उशिरा का होईना आठवला होता, आणि तसं तुला पुन्हा सोसावं लागू नये एवढंच वाटत होतं. पण तुला एका शब्दानं विचारावं, हे सुचलं नाही. शेजारच्या खुर्चीवर तर बसलेली होतीस!

दौऱ्यावर मी गेले.

परत आले तोवर बातमी मजलाभर झाली होती. तुझ्या डब्यातल्या झणझणीत वांग्यावर तुटून पडणाऱ्या सगळ्या बायकांची पोटं एकाच आठवड्यात बिघडली. कोणी तरी म्हणालं, यांना काय, यांच्यासाठी जागा राखीव असतात. तू सर्वसाधारण यादीत दुसरी होतीस हे मला माहीत होतं. मी डब्याचं झाकण लावत बसले. तुझं वांगं मात्र मी रोज मागून घ्यायची, सगळ्यांना दिसेल असं, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायची.

एक दिवस जिन्यात तू मला थांबवलंस. "निमा, कोणी सांगितलं असेल गं?"

मी म्हणाले, "वरच्या मजल्यावर ते मराठी साहेब होते ना, बदलून गेले ते. त्यांनीच असणार."

तू मान हलवलीस. "असेल. आपल्याकडचाच माणूस पाहिजे त्याला." आणि माझा हात धरून खाली उतरलीस. तुझा हात गार होता. त्या बिचाऱ्या साहेबांनी तुझं नावही कधी नीट ऐकलं नसेल.

आणि डुआर्समध्ये काय झालं, ते तुला कधी सांगितलंच नाही. मळ्याच्या बंगल्यात खानसाम्यानं चहा हवा की कॉफी एवढंच विचारलं. आठ दिवसांत मला कोणी आडनाव विचारलं नाही. तुलाही विचारलं नसतं.

माझा अहवाल तुझ्या टेबलावरून गेला. मी लिहिलं होतं, पाळणाघरं आहेत, इमारती पक्क्या आहेत, पाळणे पुरेसे आहेत. तू वाचलास आणि विचारलंस, "पाळण्यात पोरं होती का पण?"

नव्हती. पोरं आयांच्या पाठीला बांधलेली होती, पानं खुडताना. ते मी पाहिलंही होतं, पण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही. तुझी आई तुला पाठीला बांधून विटा वाहायची, हे तू मला त्या दिवशी सांगितलंस. तू गेली असतीस तर त्या बायकांशी दोन शब्द बोलली असतीस, त्या तुझ्याशी बोलल्या असत्या, आणि कदाचित पोरं पाळण्यात गेली असती. नुकसान तुझ्या एकटीचं झालं नाही.

मी निरीक्षक झाले, वरच्या मजल्यावर गेले, टिफिनला तेवढी खाली तुझ्या शेजारी येऊन बसायची. तू आवक-जावकच्या टेबलावर राहिलीस, लोकांची पत्रं नोंदवत, पुढची नऊ वर्षं. एकदाही टोचून बोलली नाहीस.

रागवायचंच असेल तर या गोष्टीवर मला तुझ्यावर रागवायचं आहे. का नाही बोललीस? एकदा जरी तोंडावर विचारलं असतंस, "तूच का गं?", तर मी खोटं बोलू शकले नसते. की तुला कळलं होतं, आणि तू मलाच सांभाळून घेत होतीस? हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशीही तू माझ्या दौऱ्याची चौकशी केलीस. मी म्हणाले, तू बरी झालीस की पुढच्या खेपेला दोघी जाऊ. तू हसलीस, नेहमीसारखी. त्या हसण्याचा अर्थ मी आठ महिने लावतेय.

फार आठवण येते गं. चुकीची कबुली द्यायची म्हणून लिहायला बसले आणि निम्मं पत्र नुसतं तुझं हसणं आठवण्यात गेलं.

आज सकाळी बडोबाबू माझ्याकडे आले. त्यांना रिटायर व्हायला दोन महिने राहिलेत, पण काळजी तीच. "मेश्रामदीदींची मुलगी येतेय सोमवारी. तुम्ही घरच्यांना ओळखता. कशी आहे? कुठं बसवू?"

आणि माझ्या तोंडात तेच शब्द आले, कौसल्या. जरा सांभाळून घ्या. अगदी ओठांपर्यंत आले. माझी मलाच भीती वाटली.

मी म्हणाले, "परीक्षेत तिसरी आलीय. कुठं बसायचं, कुठं जायचं, ते तिला विचारा."

ते थोडे गोंधळले. हो म्हणाले आणि गेले. हे मी अकरा वर्षांपूर्वी म्हणाले असते तर?

उद्या सुजाता माझ्याकडे जेवायला येतेय. मी तुला शब्द देते, पानं वाढण्याआधी तिला सगळं सांगेन. तिच्या आईची जात बडोबाबूंना मी सांगितली. जिन्यात मी खोटं बोलले. काळजी वाटत होती, हेही सांगेन, पण शेवटी, आणि माफी मिळावी म्हणून नाही. कदाचित ती न जेवता उठून जाईल. सोमवारपासून रोज समोर येईल आणि मला नुसतं "मॅडम" म्हणेल. तुझ्या घरातलं माझं म्हणावं असं ते एकच माणूस उरलंय, आणि उद्या तेही जाईल, ही भीती सकाळपासून जात नाही.

पण मावशी म्हणायचं की मॅडम, हे तिचं तिनं ठरवायचं आहे. तिच्या वतीनं मी काही ठरवणार नाही.

तुझ्या उजव्या हाताला बसणारी,
निमा