दफनभूमीत तुझी हाक

ती. आईस,
धाकटी इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

इथे परदेशात रात्री जुन्या दफनभूमीत पर्यटकांना फिरवायचं माझं काम ऐकून तू घाबरली असशील. पण तिथे मी एकटी नसते. एकटं वाटतं ते खोलीवर आल्यावर, पण ते जाऊ दे.

परवा माझी पहिली फेरी होती. साहेबांनी बजावलं होतं, "तुझा आवाज फार मोठा आहे, मेलेले उठतील. हळू बोल." म्हणून मी कुजबुजत कबरींच्या गोष्टी सांगत होते, तोच वाऱ्याने कंदील विझला. लोक घाबरून वाट फुटेल तिकडे पांगले. मग मी कमरेवर हात ठेवले आणि तू अंगणातून आम्हाला बोलवायचीस तश्शी आरोळी ठोकली, "या रे सगळे, ताटं वाढलीत!" भाषा कुणालाच कळली नाही, पण झाडून सगळे माझ्यापाशी गोळा झाले.

आता शनिवारची मोठी फेरीही माझीच! घसा जरा बसलाय, एवढंच. बाबांची कंबर कशी आहे? नुसतं "बरी आहे" लिहू नकोस.

आणि साहेबांना मी सांगून टाकलं, मेलेलं कुणी उठलं नाही. जिवंत मात्र एकूण एक आले.

तुझ्याच गळ्याची,
धाकटी