मागच्या दगडावरची समुद्रफुलं

चि. महेंद्र,

प्रवासानं दमून झोपला आहेस, म्हणून उठवलं नाही. मी भिंगारला वाचनालयात जातो, चारपर्यंत येईन. पोहे झाकून ठेवलेत.

तुझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळांना डंख मारणाऱ्या त्या समुद्रफुलांचं रान माजलंय, ते सकाळी आल्या आल्या पाहिलंस. तू फोनवर सांगायचास, "नाना, पंप बंद करा, सिरिंजनं प्रत्येकाच्या तोंडात चुना भरा. एकही सोडू नका, एकाची पन्नास होतात." मी तसंच केलं. दिवाळीपर्यंत जवळजवळ सगळी संपली होती. मागच्या दगडावरची चार मात्र मी मुद्दाम ठेवली. पूर्वी तू फक्त आईशी बोलून फोन ठेवायचास. या फुलांपायी रोज संध्याकाळी मला फोनवर बोलावून घ्यायला लागलास. संपली, असं सांगायचं धाडस मला झालं नाही.

त्यांनी तुझं जांभळं प्रवाळ मारलं. चूक माझीच. चुना कालवून सिरिंज भरून ठेवली आहे, आज सगळी संपव.

परवा तू गेल्यावर फोनवर काय बोलायचं, त्याची यादी करतोय. मला ऐनवेळी काही सुचत नाही.

नाना