मंडळाची जागा आणि विहिरीजवळचा वाफा

मी, ज्ञानेश पुंजाजी बोरस्ते, वय ५६, धंदा शेती व मोटार रिवाइंडिंग, राहणार मौजे आंबेटेकडी, तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. बिघाड आहे तो हृदयाच्या झडपेत, आणि ती बदलायचे ऑपरेशन येत्या सोमवारी नाशिकला ठरले आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही, नशा मी करत नाही. मजकूर सर्वस्वी माझा आहे. वकिलांनी एक स्वल्पविराम हलवला होता, तो मी परत जागेवर आणला.

१. राहते घर, मळा, विहिरीतील हिस्सा व बँकेतील शिल्लक मुलगा स्वराज यास.

२. वर्कशॉपमधील सर्व हत्यारे व वाइंडिंग मशीन मुलगी तृप्ती हिला. हात तिचा स्थिर आहे. मी हे काम जळक्या मोटारी उकलून शिकलो, ती माझ्याकडे बघून शिकली. मायक्रोमीटर कुणालाही उसना देऊ नये.

३. चुलतभाऊ दिनेश यांनी माझी लोखंडी शिडी नेली आहे. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. गावच्या माजी सैनिक मंडळाच्या खोलीला ते चारचौघांत “म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा अड्डा” म्हणाले होते. शिडी चढताना ते शब्द त्यांना आठवोत, एवढेच.

४. वणी रस्त्याला लागून माझ्या नावावर असलेले चार गुंठे, त्यावरील पत्र्याच्या खोलीसह, आंबेटेकडी माजी सैनिक मंडळ (नोंदणीकृत) यास कायमचे.

या कलमावरून घरात वाद आहे, म्हणून कारण लिहून ठेवतो. स्वराज म्हणतो, “पप्पा, रस्ता मोठा होतोय. गाळे काढले तर दोन पिढ्या बसून खातील.” मी म्हणालो, “बसून खाणारी पिढी काय चाटायची?” ते रागाचे बोलणे झाले. खरे उत्तर पुढे आहे.

आमच्या गावचा शिपाई झिपरू रजेवर आला, गहू पेरून गेला आणि एकाहत्तरच्या लढाईतून परत आला नाही. फाल्गुनात गहू पिकून उभा, घरात बाई आणि तान्हे मूल. त्याच लढाईत एक पाय गमावून आलेले सुभेदार सावळीराम कुबडी घेऊन त्या शेतात उतरले. बरोबर रजेवरचे तीन जवान. पेरणी झिपरूची होती, कापणी यांनी केली, आणि त्या घरचा चहासुद्धा घेतला नाही. घाम पुसायला ते शेजारी, याच चार गुंठ्यांवर तेव्हा असलेल्या आमच्या आजोबांच्या कांदाचाळीत टेकले. आजोबा म्हणाले, “बसा. जागा तुमचीच.” मंडळाची स्थापना ती एवढीच. जागेचा कागद झालाच नाही. तो आज मी करतो आहे.

तेव्हापासूनचा रिवाज असा की सभासद गेला, की त्याचे अर्धे राहिलेले शेतकाम मंडळ पुरे करते. बोलावणे लागत नाही.

मी सभासद नाही. तीनदा भरतीला गेलो, तीनदा छातीच्या मापात बाद झालो. मंडळाची मोटार आणि झेंड्याची कप्पी दुरुस्त करणारा मी शेजारी. माझी पत्नी छाया पंधरा ऑगस्टला त्यांना चहा करायची, तेवढाच संबंध. सहा वर्षांपूर्वी, पौषात, कांदालावण अर्धी असताना ती तापाने गेली. मी स्मशानातून परत आलो तर बांधावर चपला ओळीने मांडलेल्या, त्यांच्या शेजारी एक जयपूर फूट. वाफ्यात सगळी पांढरी डोकी वाकलेली. सुभेदार, ऐंशी ओलांडलेले, चिखलात बसून सरकत सरकत रोप लावत होते. पाटाचे पाणी तेवढे वाजत होते.

मी म्हणालो, “साहेब, ती फौजेतली नव्हती.”

त्यांनी मान वर केली नाही. “जिची साखर पोटात हाय, तिचं रोप सुकू द्यायचं नाय. सर बाजूला, ओल तुडवू नको.”

देवळात माझे हात कधी आपोआप जुळत नाहीत. त्या बांधावर जुळले. आजही तो वाफा ओलांडताना मी चप्पल काढतो.

स्वराज पुण्याहून संध्याकाळी पोचला. त्याने लागलेल्या ओळी पाहिल्या, बोटभरही न चुकलेल्या. लावणारे पाहिले नाहीत. यात त्याचा दोष नाही.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी स्वराजनेच करावी. त्याला कलम चार पटलेले नाही, पण तो शब्दाचा पक्का आहे. आईवर गेला आहे. साक्षीला मंडळाचे अध्यक्ष हवालदार कारभारी हट्ट धरून होते. “सरहद्दीवर आमची साक्ष चालली, तुझ्या कागदावर चालत नाय व्हय?” परंतु ज्या मंडळाला मिळते त्याच्या माणसाची सही नको, हे माझे मत कायम आहे.

६. ऑपरेशन ठरल्यापासून मी कामे उरकत सुटलो. गिऱ्हाइकांच्या मोटारी पोचत्या केल्या, कांदालावण संपवत आणली. मागे कुणाला तोशीस नको, हा हेतू. काल कारभारी मळ्यात आले, चौफेर बघितले आणि भडकले.

“ज्ञानू, लय शहाणा झालास. सगळंच उरकून ठेवलंस, तर आम्ही यायचं कशाला? बांधावर फोटो काढायला?”

“मी सभासद नाही, हवालदार.”

“ते तू नको सांगू. हजेरी आम्ही घेतो.”

ते गेल्यावर मी रोपाची हातातली जुडी खाली ठेवली.

म्हणून, विहिरीजवळचा शेवटचा वाफा मी लावलेला नाही. पाणी सोडून तयार आहे, रोप शेजारी उभे आहे. मी घरी परत आलो तर तो मीच लावीन. न आलो, तर स्वराजने किंवा मजुरांनी त्याला हात लावू नये. ज्यांचे काम आहे ते येतील. त्या दिवशी स्वराजने बांधावर उभे राहावे आणि शेवटचे रोप लागेपर्यंत बघावे. त्यानंतरही त्याला गाळेच दिसले, तर माझे काही म्हणणे नाही. कागद मात्र बदलणार नाही.

वरील सर्व मी पुन्हा एकदा मोठ्याने वाचले, खाडाखोड नाही, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ : आंबेटेकडी
दिनांक : ८ जानेवारी २०२६

(सही) ज्ञानेश पुंजाजी बोरस्ते

साक्षीदार. आमच्यासमक्ष, पूर्ण शुद्धीत सही केली :
१. (सही) डॉ. प्रतिभा शरद कावळे, वणी
२. (सही) लताबाई नामदेव गांगुर्डे, सरपंच, आंबेटेकडी